उसनवारीची वही

"नेणारा काय करतो त्या शेअरचं?" अम्मानं विचारलं.

मी ताटात कडक भाकरी मोडत होतो. वडिलांनी, बापूंनी, मागे ठेवलेले आणि आता अम्माच्या नावावर असलेले शेअर महिनाभर बाजारात उसने देऊ, असं मी आत्ताच सुचवलं होतं. खरं ते सांगून टाकलं. "विकतो."

"दुसऱ्याचे? उसने नेलेले?"

"हो. आज विकायचे, भाव पडला की स्वस्तात घ्यायचे आणि आपले आपल्याला परत द्यायचे. मधला फरक त्याचा."

तिनं शेंगाचटणीची बरणी माझ्याकडे सरकवली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या काकानं सुताचं केलं तेच की."

पंधरा वर्षं आमच्या घरात कुणी तो विषय काढला नव्हता. मी शॉर्ट सेलिंगवरचे, म्हणजे असे उसने शेअर विकण्यावरचे, व्हिडिओ पाहिले होते, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीची परिपत्रकं वाचली होती. नवी पेठेत ज्या कर सल्लागाराकडे मी जमाखर्च लिहितो, तिथे दर जुलैत असल्या व्यवहारांची विवरणपत्रंही भरत होतो. पण काकांनी केलं ते हेच, एवढं काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सातवी शिकलेल्या अम्माच्या आलं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि इंडीकडचं गिऱ्हाईक आलं की मोडकंतोडकं कन्नड. बापूंचे आठ माग होते, चादरीचे आणि टॉवेलचे. शेड घराला लागूनच. भिंतीला टेकून गृहपाठ केला की अक्षर हलायचं, आणि बाई विचारायच्या, काय रे, रिक्षात बसून लिहिलंस का.

मागवाल्यांचं सगळं उसनवारीवर चालायचं. भीम, म्हणजे मागावरचा उभ्या धाग्यांचा रूळ, भरायला घेतला आणि सूत कमी पडलं, तर पेढीवर कोण धावणार? शेजारच्या कारखान्यातून एक पोतं आणायचं, आपला माल आला की तेच परत करायचं. याला मराठीत हातउसनं म्हणतात. आमच्या तेलुगूत चेबदुलु. कन्नडवाले कैगड म्हणतात. चे म्हणजे हात, कै म्हणजेही हात. तिन्ही भाषांनी तो हात सोडलेला नाही, कारण मध्ये दुसरं काही नसायचं. कागद नाही, व्याज नाही, जामीन नाही.

नाही म्हणायला अम्माची वही होती. ती बोलते तेलुगू, लिहिते मराठी. एका ओळीत एक व्यवहार: कुणाचं नाव, किती पोती, कुठला काउंट (म्हणजे सूत किती बारीक), पांढरं की रंगीत, दिलं की आणलं. परत झालं की त्या ओळीवर तिरकी रेघ. त्या वहीत भाव कुठेच नाही. मी लहानपणी विचारलंही होतं, भाव का लिहीत नाहीस? ती म्हणाली, "सूत गेलंय, सूतच येणार. भाव कशाला?"

आता काकांचं.

2010 चा पावसाळा सरता सरता सुताचा भाव चढायला लागला. कापूस जगभरच भडकला होता. बापूंचे हे धाकटे भाऊ हिशेबाला तल्लख, बोलायला त्याहून तल्लख. त्यांचं गणित सरळ होतं. दिवाळीच्या पुढेमागे नवा कापूस बाजारात येतो, आला की भाव पडणार. शेजारच्या अण्णांकडे सहा पोती जास्तीची पडून होती. काकांनी ती उसनी आणली आणि मागावर चढवलीच नाहीत. त्याच आठवड्यात अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराला रोखीनं विकून टाकली. अण्णांना सांगितलं, संक्रांतीला परत देतो. तोवर सूत स्वस्त होणार, सहा पोती घेऊन टाकायची, उरलेले पैसे आपले.

नवा कापूस आला. भाव काही पडला नाही, उलट चढत राहिला. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली, उठली. अण्णांनी दोनदा आठवण केली, तीही आडून, चहा पिता पिता. काका म्हणायचे, आणखी पंधरा दिवस. फेब्रुवारीत अण्णांना टॉवेलची मोठी ऑर्डर लागली. ते दारात येऊन उभे राहिले. काका पैसे मोजायला लागले, विकले त्या भावानं, वर चार पैसे जास्तच. अण्णा म्हणाले, "पैसे घेऊन मी मागावर काय चढवू? सूत द्या."

त्या दिवशीच्या भावानं काकांनी सहा पोती विकत घेतली. काकूच्या पाटल्या त्यात गेल्या. मार्चमध्ये कापसानं शिखर गाठलं आणि मग असा कोसळला की उन्हाळ्यात सूत घ्यायला कुणी तयार नव्हतं. काकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. तेव्हा त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं आणि घ्यायलाही काही नव्हतं.

शॉर्ट सेलिंगमधला सगळा धोका या सहा पोत्यांत आहे, आणि व्हिडिओवाले नेमकं हेच घाईत उरकतात. शंभर रुपयांचा शेअर विकत घेतला तर जास्तीत जास्त शंभर बुडतात. शंभरला उसना विकला, तर तो किती रुपयांना परत घ्यावा लागेल याला वर छप्पर नाही. शिवाय ज्याच्याकडून आणला त्याची गरज आणि तुमचा अंदाज यांची वेळ एक असेलच असं नाही. अंदाज चुकल्यावर माणूस निदान गप्प तरी बसतो. काका अजूनही गप्प नाहीत. "मी बरोबर होतो की रे," म्हणतात, आणि ते खरंच आहे.

मुंबईच्या शेअर बाजारात या उसनवारीला एके काळी बदला म्हणत. माझ्या कानाला हा शब्द चेबदुलुतल्या बदुलुचा सख्खा भाऊ वाटतो. भाव चढेल म्हणून घेणाऱ्या तेजीवाल्याकडे शेअर उचलायला पैसे नसले, की तो व्याज भरून व्यवहार पुढच्या वलणावर, म्हणजे देण्याघेण्याच्या पुढच्या तारखेवर, ढकलायचा, तो बदला. मंदीवाल्यांनी इतकं विकून ठेवलं की द्यायला शेअरच नाहीत, असं झालं की पैसे उलट्या दिशेनं जायचे. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला भरायचे. तो उंधा बदला. 1982 मध्ये कलकत्त्याच्या मंदीवाल्यांनी रिलायन्सचे शेअर असेच विकून ठेवले. धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल ते घेत राहिले, आणि वलणाच्या वेळी म्हणाले, शेअर द्या नाहीतर बदला भरा. शेअर होते कुठे? मुंबईचा बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. अण्णांनी दारात उभं राहून म्हटलं तेच त्या दलालांनी म्हटलं, फक्त अण्णांना त्यातून कमवायचं काही नव्हतं.

बदला 2001 च्या जुलैत कायमचा गेला. मग बरीच वर्षं असा विचित्र काळ होता की तुमच्या-माझ्यासारख्या किरकोळ माणसाला शॉर्ट करायची मुभा होती, पण म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्थांना नव्हती. 2007 च्या डिसेंबरात सेबीनं सगळ्यांसाठी एकच चौकट आखली आणि 21 एप्रिल 2008 पासून शेअर उसने देण्याघेण्याची व्यवस्था एक्स्चेंजवर सुरू झाली. नियमाचा गाभा एवढाच: विका, पण द्यायच्या वेळी शेअर हजर पाहिजेत. हातात नसताना विकून हात वर करणं चालणार नाही. जानेवारी 2024 मध्ये सेबीनं हेच पुन्हा एकदा बजावलं.

पण आमच्या ऑफिसात विवरणपत्र भरायला येणारी पोरं शॉर्ट मारतात म्हणजे काय करतात? उसनं कुणाकडूनच आणत नाहीत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, ती मोबाइलवर आधी विकतात आणि साडेतीनच्या आत घेतात. दिवस संपताना देणं-घेणं शून्य, त्यामुळे शेअर कुणी मागतच नाही. विसरलात तर सव्वातीन-तीन वीसच्या सुमारास ब्रोकरची यंत्रणा आपणहून घेऊन टाकते आणि वर दंड लावते. हे सगळं तोवर ठीक, जोवर समोर कुणीतरी विकायला उभा आहे.

पाच्छा पेठेत मोबाइलचं दुकान असलेला एक मुलगा आमच्याकडे येतो. त्यानं एका छोट्या कंपनीचे 500 शेअर 134 रुपयांना विकले. आदला बंद भाव 130, आणि त्या शेअरला दिवसाला दहा टक्क्यांचीच मर्यादा, म्हणजे वर 143. दुपारी कसलीशी बातमी आली आणि शेअर 143 ला जाऊन चिकटला. अपर सर्किट. घेणाऱ्यांची रांग, विकणारा एकही नाही. तीन वीसला ब्रोकरच्या यंत्रणेनं त्याच्यासाठी खरेदीची ऑर्डर टाकली खरी, पण तीही रांगेतच उभी राहिली. साडेतीन वाजले. याच्याकडून ज्यानं 500 शेअर घेतले होते, त्याला द्यायला याच्याकडे एकही शेअर नव्हता.

अशा वेळी एक्स्चेंज दुसऱ्या दिवशी लिलाव करतं. ज्यांच्याकडे शेअर आहेत ते चढ्या भावानं देतात आणि बिल विकणाऱ्याच्या नावावर फाटतं. याचे शेअर 156 ला मिळाले. 11 हजारांचा तोटा, वर दंड. लिलावातही कुणी शेअर दिले नसते, तर रोखीनं हिशेब झाला असता. तो भाव मुद्दाम कडू ठेवलेला आहे: व्यवहाराच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सगळ्यांत वरचा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर वीस टक्के, यातला जो जास्त असेल तो.

पोरगा म्हणाला, "मामा, एवढा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करा की." मला सांगावं लागलं, होत नाही. त्याच दिवशी विकून त्याच दिवशी फिरवायचा धंदा आयकर खात्याच्या लेखी सट्टा, आणि सट्ट्याचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. उरला तर चार वर्षं पुढे ओढता येतो. "म्हणजे पुढच्या चार वर्षांत कमवायला लागणार?" त्यानं विचारलं, आणि मला त्याच्या डोळ्यांतली चमक अजिबात आवडली नाही. सेबीनं 2022-23 सालाचे आकडे तपासले, तेव्हा रोखीच्या बाजारात इंट्राडे, म्हणजे असा त्याच दिवसाचा व्यवहार, करणाऱ्या दहांतले सात जण तोट्यात निघाले होते. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तीन तर कमावतात ना."

फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरल्या भावानं देण्याघेण्याचा करार) आणि पुट ऑप्शन (ठरल्या भावानं विकायचा हक्क) हेही मंदीवर बोलायचे रस्ते. त्यांच्याबद्दल एवढंच सांगतो, की 2019 पासून शेअरवरचं फ्युचर शेवटपर्यंत धरलं तर खरेखुरे शेअर द्यावे-घ्यावे लागतात. म्हणजे फिरून पुन्हा अण्णांच्या दारात.

आता अम्माच्या शेअरकडे येतो. बापूंनी कधीकाळी एका बँकेच्या पब्लिक इश्यूत अर्ज केला होता. बोनस आणि विभाजनं होत होत त्याचे 400 शेअर झाले. बापू गेल्यावर ते अम्माच्या डीमॅटमध्ये आले. ती विकणार नाही. माग भंगारात गेले, शेडमध्ये आता भाचीचं शिवणयंत्र आहे, त्यामुळे बापूंच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलंय. नुसते पडून आहेत म्हणून मी सुचवलं, एक महिना उसने देऊ. बाजारात त्याला एसएलबी, म्हणजे सिक्युरिटीज लेंडिंग अँड बॉरोइंग, म्हणतात.

हे चालतं असं. सगळे ब्रोकर ही सोय देत नाहीत. जे देतात त्यांच्यामार्फत आपण एक्स्चेंजवर सांगायचं, इतके शेअर, इतक्या महिन्यांसाठी, शेअरमागे इतकी फी. मुदत बारा महिन्यांपर्यंत असते आणि परतीचा दिवस ठरलेला, महिन्याचा पहिला गुरुवार. घेणारा कोण ते आपल्याला कळत नाही आणि त्याला आपण कळत नाही. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे बाजारातलं देणं-घेणं पुरं करून देणारी संस्था, बसतं. नेणाऱ्याकडून ते शेअरच्या किमतीहूनही जास्त तारण घेतं आणि भाव चढला की आणखी मागतं. म्हणजे इथे काकांना संक्रांतीपर्यंत वाट बघायची सोयच नसती, रोज संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन आजचा फरक घेऊन गेलं असतं. आम्हाला शेअरमागे 1 रुपया 10 पैसे मिळाले. 400 शेअरचे 440, त्यातून ब्रोकरचा वाटा वजा. फी आधीच हातात येते. मधल्या काळात लाभांश निघाला, तर तो नेणाऱ्याकडून वसूल करून आपल्याला देतात. मतदानाचा हक्क मात्र तेवढे दिवस आपला नसतो. आयकर याला विक्री धरत नाही, फी तेवढी इतर उत्पन्नात दाखवायची.

नेणारा नेहमी मंदीवालाच असतो असंही नाही. कुणाला लिलाव टाळायचा असतो. कधी फ्युचर हाताला असलेल्या शेअरपेक्षा स्वस्त मिळतं, तेव्हा शेअर उसना आणून विकायचा आणि फ्युचर घ्यायचं, अशी बिनधोक कमाई करणारे मोठे खेळाडू असतात. गरज त्यांची असेल तसा फीचा दर. आमच्या शेअरला पुढे कित्येक महिने कुणी विचारलंही नाही. या उत्पन्नावर घर चालवायचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

पण हे सगळं फीचं आणि तारणाचं सांगून झाल्यावरही अम्माचा पहिला प्रश्न तसाच होता. "जो आपल्या शेअरचा भाव पाडायला बसलाय, त्याच्याच हातात आपण काठी द्यायची?"

मी तयारीनं उत्तर दिलं. 400 शेअरनं बँकेचा भाव हलत नाही. आणि ज्यानं उसने विकले, त्याला एक दिवस घ्यावेच लागतात. तो आज विकणारा असला तरी उद्याचा हमखास गिऱ्हाईक आहे. शिवाय बाजारात नुसते तेजीवालेच असले तर खोटा भावही खराच वाटतो. हे सगळं मला पटतं. तरी तिचा प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. मी शेअर धरून बसलोय तो वाढेल म्हणून, आणि भाड्यानं देतोय तो पडेल म्हणणाऱ्याला. दोन्हीकडून मीच.

सुटका तिनंच केली, तीही माझ्या एकाही मुद्द्याला न शिवता. "400 गेले की 400 येणार ना?"

"येणार."

"मग त्याचं तो बघेल. मला भाव नको, नग पाहिजे."

इथे मला थोडं अडखळावं लागलं. कारण नेणाऱ्यानं बुडवलंच, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन बाजारातून घेऊन आपले शेअर परत द्यायचा प्रयत्न करतं, पण शेअर मिळालेच नाहीत तर शेवटी पैशात हिशेब होतो. आणि मध्येच आपल्याला शेअर परत हवे झाले, तर आधी आपल्या जागी दुसरा देणारा मिळावा लागतो. अण्णांसारखं दारात जाऊन उभं राहता येत नाही, दारच नाही. हेही मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, असं किती वेळा होतं? एवढ्या मोठ्या बँकेच्या शेअरला होणं अवघड, मी म्हणालो. ती म्हणाली, "अण्णांचंही अवघडच होतं," आणि फॉर्मवर सही केली.

त्या संध्याकाळी तिनं जुनी वही काढली. "बँकेचे शेअर, 400, दिले." मी म्हटलं, फी पण लिही की. "ती खर्चाच्या वहीत."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री मी डीमॅटचं ॲप उघडून तिच्यापुढे धरलं. चष्मा लावून तिनं आकडा दोनदा वाचला. मग वहीत तिरकी रेघ मारली, स्केल न लावता, तरी सरळ. सवयीनं मागची पानं चाळायला लागली. काकांच्या सहा पोत्यांवर रेघ आहे, जरा जास्तच दाबून मारलेली. त्यापुढे बरंच कोरं, आणि बापूंच्या शेवटच्या वर्षातली एक ओळ: अण्णा, 1 पोतं, 20 काउंट, पांढरं, आणलं. तिच्यावर रेघ नव्हती.

अण्णांनीही पुढे माग विकले आणि ते भिवंडीला मुलाकडे गेले. त्यांनी मागितलं नाही, आम्हालाही आठवलं नाही. मी मोबाइलवर सुताचा आजचा भाव शोधायला लागलो. किती होतात बघतो, म्हटलं, त्यांच्या मुलाला पाठवून देऊ.

"पैसे कशाला?" अम्मा म्हणाली. "वीस काउंटचं पांढरं अजून मिळतं का, अक्कलकोट रोडला विचारून ये."